अवजड वाहनाचं चाक बसवताना: अँटी-सीझ कुठे, तेल कुठे आणि टॉर्क किती

चाक हबला (ज्यावर चाक बसतं त्या मधल्या भागाला) घट्ट चिकटून बसलं आणि घणाचे घाव घालून काढावं लागलं, की ते परत बसवताना हात आपोआप अँटी-सीझच्या, म्हणजे जोड गंजून धरू नये म्हणून लावायच्या पेस्टच्या, डब्याकडे जातो. ब्रश मात्र फिरतो तो स्टडच्या, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आणि ज्यावर नट चढतो त्या दांड्याच्या, आट्यांवर. मग टॉर्क रेंच (ठरलेल्या पिळाच्या जोरावर, म्हणजे टॉर्कवर, ‘क्लिक’ करणारा पाना) पुस्तकातल्या आकड्यावर लावायचा, दहाही नटांवर ‘क्लिक’ ऐकायचं आणि गाडी सोडायची. करणाऱ्याला वाटतं, आपण नेहमीपेक्षा जास्तच काळजी घेतली. प्रत्यक्षात त्यानं प्रत्येक स्टड ठरलेल्या ताणाच्या कितीतरी पुढे ओढलेला असतो, आणि चाक जिथे चिकटतं ती जागा कोरडीच राहिलेली असते.

ट्रक, बस, ट्रेलर, टिपर अशा गाड्यांची चाकं स्वतः बसवणाऱ्यांसाठी आणि ती कामं करून घेणाऱ्यांसाठी हा क्रम लिहिला आहे. आकडे समजण्यासाठी दिले आहेत. तुमच्या गाडीच्या किंवा डिस्कच्या (चाकाच्या नटांची भोकं असलेल्या धातूच्या भागाच्या) पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा.

## आधी एक हिशेब, कारण सगळं त्यावर उभं आहे

नट आवळतो तेव्हा स्टड ताणला जातो. स्टड म्हणजे अतिशय ताठ स्प्रिंग. ताणलेला स्टड आखडायला बघतो आणि डिस्क, ब्रेकचा ड्रम व हब एकमेकांवर दाबून धरतो. गाडीचं वजन आणि ब्रेकचा झटका पेलतं ते या दाबामुळे दोन पृष्ठभागांत तयार झालेलं घर्षण. स्टडवर आडवा भार यायलाच नको. दाब कमी पडला की डिस्क हबवर सूक्ष्म सरकू लागते, मग नट फिरतात आणि स्टड वाकून वाकून तुटतात.

हा दाब आपल्याला थेट मोजता येत नाही. आपण मोजतो टॉर्क, आणि त्यातला फार थोडा भाग स्टड ताणायला पोहोचतो. ढोबळमानानं निम्मा टॉर्क नटाच्या बसकणीखालच्या (नट जिथे टेकतो तिथल्या) घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेले दहा टक्के खऱ्या कामाला येतात. घर्षण थोडं बदललं तरी या दहा टक्क्यांचं गणित पार बदलतं.

एम२२ × १.५ (२२ मिलिमीटर जाडीचा, १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा) स्टडचं उदाहरण घ्या. टॉर्क ६५० न्यूटन-मीटर. आटे कोरडे असताना नट-गुणांक (घर्षणाचा परिणाम दाखवणारा आकडा) साधारण ०.२० धरतात, त्या हिशेबानं एका स्टडवर सुमारे १४८ किलोन्यूटन ताण येतो, म्हणजे पंधरा टन वजनाएवढा. त्याच आट्यांना अँटी-सीझ लावलं तर गुणांक ०.१३ च्या आसपास उतरू शकतो. रेंच तोच, क्लिक तोच, पण ताण २२७ किलोन्यूटन. दीडपटीहून जास्त! १०.९ ग्रेडच्या या मापाच्या स्टडचा प्रूफ लोड (कायमचा न लांबता तो सोसू शकेल असा भार) २७५ किलोन्यूटनच्या आसपास असतो. त्यात आवळताना येणारा पीळ आणि रस्त्यावरचे झटके मिळवा, मग सुरक्षेसाठी ठेवलेली जागा किती उरते ते दिसेल. ॲल्युमिनियमच्या डिस्कवर तर स्टडच्या आधी नटाखालचा धातूच दबतो.

म्हणून टॉर्कचा आकडा कधीही एकटा वाचू नका. ‘किती’ याच्यासोबत ‘आटे कोणत्या स्थितीत’ हेही वाचा: कोरडे, हलकं तेल लावलेले की आणखी काही. पुस्तिकेत ही अट आकड्याच्या शेजारी किंवा तळटिपेत छापलेली असते, आणि नेमकी तीच वाचायची राहून जाते.

## टप्पा १: चाक कोणत्या पद्धतीनं बसतं ते ओळखा

पुढचे सगळे निर्णय यावर ठरतात. गाडी उचलण्याआधी नट नीट बघा.

हबवर केंद्रित होणारी चाकं. डिस्कचं मधलं भोक हबवरच्या उंचवट्यांवर, म्हणजे पायलट पॅडवर, नेमकं बसतं आणि चाक मध्यावर येतं. नट सपाट बसकणीचे, फिरती वॉशर जोडलेले दोन भागांचे असतात. जोडचाकांनाही (एकाला लागून एक बसवलेल्या दोन चाकांनाही) एका स्टडवर एकच नट असतो आणि तो दोन्ही डिस्क एकत्र दाबतो. आजच्या बहुतेक अवजड गाड्या या प्रकारच्या आहेत. एम२२ × १.५ स्टडला टॉर्क साधारणपणे ६०० ते ७०० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात सांगितलेला असतो.

स्टडवर केंद्रित होणारी चाकं. डिस्कच्या भोकांच्या कडा वाटीसारख्या खोलगट असतात आणि नटाचं तोंड गोलाकार किंवा शंकूच्या आकाराचं असतं. नटच चाकाला मध्यावर आणतो. जोडचाकांत आतल्या चाकाला वेगळा आतला नट आणि त्यावर बाहेरच्या चाकाचा नट असतो. या पद्धतीच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असू शकतात. स्टडच्या टोकावर किंवा नटावर ‘एल’ अक्षर कोरलेलं दिसतं. ते न बघता गन लावली तर सोडण्याऐवजी आवळलं जातं.

> इशारा: एका पद्धतीचे नट दुसऱ्या पद्धतीच्या डिस्कला लावू नका. आटे जुळतात, नट बसतोही, पण सपाट नट वाटीच्या कडेवर टेकतो आणि थोड्याच अंतरात ढिला पडतो.

रिम जर तुकड्यांची असेल, विशेषतः दोन अर्धी एकमेकांना बोल्टनं जोडलेली, तर चाकाचे नट कोणते आणि रिम जोडणारे नट कोणते हे आधी पक्कं करा. हवा भरलेली असताना रिम जोडणारे नट सोडले तर रिमचा तुकडा गोळीसारखा सुटतो. शंका असेल तर व्हॉल्व्हचा कोअर काढून हवा पूर्ण सोडा, मगच पाना लावा.

## टप्पा २: काम सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

जॅक आणि भाराला पुरेशी घोडी, चाकांना लावायचे ठोकळे, तारेचा ब्रश, चिंध्या, तेल काढणारं क्लीनर, हलकं इंजिन ऑइल, अँटी-सीझ, खडू किंवा पेंट मार्कर. यात विशेष काही नाही. जिथे गडबड होते ती दोन साधनं म्हणजे टॉर्क रेंच आणि अँटी-सीझ.

टॉर्क रेंच असा निवडा, की लागणारा आकडा त्याच्या क्षमतेच्या टोकाला येणार नाही. हातानं वापरायच्या रेंचची अचूकता त्याच्या कमाल क्षमतेच्या वीस टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत तपासलेली असते; ६५० साठी १,००० न्यूटन-मीटरचा रेंच आरामात चालतो. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे क्लिक प्रकारच्या रेंचला या मापात चार टक्क्यांची सूट आहे, आणि दुसरी काही व्यवस्था ठरवलेली नसेल तर बारा महिने किंवा ५,००० वेळा वापर, यातलं जे आधी होईल तेव्हा कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) करायचं. तारखेचं लेबल रेंचवरच चिकटवलेलं असावं. जो रेंच पडला आहे किंवा ज्यानं कधी नट सोडले आहेत, तो लेबल ताजं असलं तरी तपासून घ्या.

‘अंगात जोर आहे, अंदाज बरोबर येतो’ हे ऐकलं की मी हा हिशेब मांडतो: एक मीटर दांड्याच्या टोकाला सुमारे ६६ किलोचा भार म्हणजे ६५० न्यूटन-मीटर. ऐंशी किलोचा माणूस दीड मीटरच्या पाइपवर उभा राहिला तर जवळपास १,१८०. त्यात त्यानं उडी मारली तर काय झालं असेल ते कुणालाच सांगता येणार नाही.

अँटी-सीझ म्हणजे ग्रीसमध्ये घट्ट मिसळलेली घन वंगणं: तांबं, निकेल किंवा ॲल्युमिनियमची भुकटी, ग्रॅफाइट, मोलिब्डेनम डायसल्फाइड. ग्रीस उडून गेलं तरी हे कण दोन धातूंच्या मध्ये राहतात, म्हणून गंजानं जोड धरत नाही. पोलादी हबवर ॲल्युमिनियमची डिस्क बसत असेल तर तांबंयुक्त प्रकार टाळा. ओल आणि मीठ मिळालं की तांबं ॲल्युमिनियमला खायला लागतं. डिस्क बनवणाऱ्यानं सुचवलेलं गंजरोधक असेल तर तेच घ्या.

## टप्पा ३: गाडी उचलणं आणि चाक काढणं

सपाट, कडक जमीन. पार्किंग ब्रेक लावलेला, आणि जे चाक उचलायचं नाही त्याला पुढून-मागून ठोकळे. जॅक फक्त उचलण्यासाठी, भार घोडीवर.

नट सोडण्याआधी टायरची हवा बघा. सांगितलेल्या दाबाच्या ऐंशी टक्के किंवा त्याहून कमी हवेवर टायर चाललेला असेल, किंवा टायर-रिमला इजा झाल्याची शंका असेल, तर हवा पूर्ण सोडूनच चाक काढायचं. जोडचाकांत आतला टायर दिसत नाही म्हणून तो तपासायचा राहतो.

सोडण्यापूर्वी डिस्कवरच्या खुणाही वाचून घ्या, नंतर त्या पुसल्या जातात. नटापासून बाहेर पसरलेले गंजाचे ओघळ, भोकाभोवती घासून चकचकीत झालेला पट्टा, रंगाला गेलेली केसासारखी भेग: हे चाक ढिलं धावत होतं. अशा चाकाला नुसतं परत आवळणं म्हणजे तोच बिघाड पुढे ढकलणं.

हबला चिकटलेलं चाक काढताना दोन-तीन नट काही आट्यांवर ठेवूनच द्या, म्हणजे ते अचानक सुटून पायावर येणार नाही. भेदक तेल पायलटच्या फटीत सोडा, वेळ द्या, रबरी हातोड्यानं टायरवर आतून-बाहेरून आळीपाळीनं ठोका, नाहीतर पुलर लावा.

> इशारा: टायर चढलेल्या रिमला किंवा हबला गॅसची ज्योत कधीही लावू नका. तापलेल्या रबरातून आतल्या आत ज्वालाग्राही वायू सुटतात आणि टायर फुटतो. हवा सोडलेली असली तरी धोका जात नाही.

## टप्पा ४: सफाई

या टप्प्यावर सगळ्यात जास्त घाई होते, आणि ढिल्या चाकांचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

वरच्या उदाहरणातला स्टड १४८ किलोन्यूटनला किती ताणला जातो? ताण येणारी लांबी ५० मिलिमीटर धरली तर सुमारे ०.१ मिलिमीटर. सगळा दाब या एवढ्याशा ताणावर टिकून आहे. आता डिस्क आणि ड्रमच्या मध्ये गंजाची पापडी, सुकलेली माती किंवा रंगाचा जाड थर अडकला आणि तो धावताना चुरून ०.०३ मिलिमीटरनं बसला, तर दाबाचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. नट जागचा हललेला नसतानासुद्धा.

तारेच्या ब्रशनं हे सगळे पृष्ठभाग उघड्या धातूपर्यंत किंवा घट्ट, पातळ रंगापर्यंत आणा: हबचं तोंड, ड्रमच्या दोन्ही बाजू, डिस्कच्या दोन्ही बाजू, जोडचाकांत दोन डिस्कमधले टेकणारे पट्टे, पायलट पॅड, डिस्कचं मधलं भोक. ग्राइंडर टाळा, तो गंजाबरोबर धातूही खातो आणि पृष्ठभाग लाटालाटांचा होतो. नुकतीच रंगवलेली डिस्क असेल तर टेकणाऱ्या जागेवर रंगाचे थरावर थर चढलेले नाहीत ना, ते बघा. रंग पूर्ण कडक होण्याआधी चाक चढवू नका.

स्टडचे आटे ब्रशनं मोकळे करा. जुनं अँटी-सीझ, चिकट ग्रीस, रंगाचे शिंतोडे क्लीनरनं काढा.

> तपासा: टेकणाऱ्या पृष्ठभागावर स्वच्छ पांढरी चिंधी फिरवा. तेलकट डाग आला तर परत पुसा. इथलं घर्षणच चाक धरणार आहे.

## टप्पा ५: स्टड, नट आणि डिस्कची पारख

प्रत्येक नट हातानं स्टडवर पूर्ण फिरवून बघा. अडला तर स्टड ताणला गेला आहे किंवा आटे दुखावले आहेत. ताणलेल्या स्टडवर आट्यांचं अंतर वाढलेलं असतं. चांगला नवा नट दोन-तीन फेऱ्यांनंतर घट्ट होऊ लागतो ही त्याची खूण. अशा वेळी डाय फिरवून आटे ‘सरळ’ करू नका. स्टड बदला.

एक स्टड तुटलेला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारीही बदलायचे, कारण तुटल्यानंतरचा भार त्यांनी सोसलेला असतो. दोन किंवा जास्त तुटले असतील तर त्या हबचे सगळे. खर्च टाळण्यासाठी इथे तडजोड करणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की उरलेल्या स्टडना पडलेल्या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत.

दोन भागांच्या नटाची वॉशर बोटानं सहज फिरली पाहिजे. जाम झालेली वॉशर डिस्कवर घासत फिरते आणि टॉर्क तिथेच संपतो; रेंच क्लिक करतो पण स्टड ताणलेलाच नसतो. अँटी-सीझनं होतं त्याच्या नेमकं उलट, आणि तितकंच धोकादायक.

डिस्कच्या भोकांचा आकार बघा. लांबट झालेली भोकं, भोकापासून भोकाकडे जाणारी भेग, वाटीच्या कडा झिजून सपाट झालेल्या असतील तर डिस्क बाद. वेल्डिंग नाही, ठोकून सरळ करणं नाही.

पोलादी डिस्क काढून ॲल्युमिनियमची लावत असाल तर ती जाड असते आणि जुने स्टड आखूड पडतात. पूर्ण आवळल्यावर स्टडचं टोक किमान नटाच्या तोंडाशी सपाट यायला हवं, थोडं बाहेर आलं तर उत्तमच.

## टप्पा ६: अँटी-सीझ कुठे आणि तेल कुठे

अँटी-सीझ फक्त पायलट पॅडवर. हबच्या उंचवट्यांवर, जिथे डिस्कचं मधलं भोक टेकतं, तिथे ब्रशनं पातळ थर. इतका पातळ, की खालचा धातू अंधूक दिसावा. चाक चिकटतं ते इथेच: डिस्क आणि पायलटच्या बारीक फटीत पाणी शिरतं, गंज फुगतो आणि जोड धरतो. हबच्या सपाट तोंडावर, ड्रमवर किंवा डिस्कच्या टेकणाऱ्या बाजूवर थेंबही नको. थर जाड झाला की चाक फिरताना तो बाहेर फेकला जातो, टेकणाऱ्या पृष्ठभागांत किंवा ब्रेककडे पोहोचतो.

हलकं तेल आट्यांवर, पण ज्या पद्धतीला सांगितलं आहे तिलाच. हबवर केंद्रित होणाऱ्या, दोन भागांच्या नटांच्या चाकांसाठी प्रचलित रीत अशी: स्टडच्या टोकाकडच्या शेवटच्या दोन-तीन आट्यांवर दोन थेंब साधं इंजिन ऑइल, आणि नट व त्याच्या वॉशरच्या सांध्यात दोन थेंब. नट चढताना तेल आपोआप पसरतं. स्टड बुडवायचा नाही, वॉशर आणि डिस्कच्या मध्ये तेल जाऊ द्यायचं नाही. तुमच्या पुस्तिकेत कोरडे आटे सांगितले असतील तर हे दोन थेंबही नकोत.

स्टडवर केंद्रित होणाऱ्या गोल बसकणीच्या चाकांना काहीही नाही. आटे कोरडे, वाटी कोरडी. या पद्धतीचे टॉर्कचे आकडे कोरड्या आट्यांसाठीच दिलेले असतात.

एखाद्या उत्पादकानं आट्यांवर अँटी-सीझ लावायलाच सांगितलं असेल, तर त्यानं त्या स्थितीसाठी वेगळा टॉर्कही दिलेला असेल. तो आकडा हातात असेल तरच लावा. ‘अंदाजे इतके टक्के कमी करा’ असा सरसकट नियम वापरू नका. घर्षण त्या विशिष्ट पेस्टवर, नटाच्या लेपावर आणि आट्यांच्या झिजेवर ठरतं.

> तपासा: अँटी-सीझ लावलेले हातमोजे इथे उतरवा. त्याच हातांनी नट उचलले की पेस्ट आट्यांवर पोहोचलीच.

## टप्पा ७: चाक चढवणं

हब असा फिरवा, की एक पायलट पॅड बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी येईल. चाकाचं वजन त्याच पॅडवर विसावतं आणि चाक खाली सरकत नाही.

आता ड्रमकडे बघा. हबवर केंद्रित होणाऱ्या बऱ्याच रचनांत पॅडला पायरी असते: मागची पायरी ड्रमसाठी, पुढची चाकासाठी. चाक काढलेलं असताना ड्रम पुढे सरकून चाकाच्या पायरीवर येऊन बसतो. तसाच चाक चढवून आवळलं तर सगळं घट्ट वाटतं. पहिल्या काही ब्रेकिंगनंतर ड्रम जागेवर घसरतो आणि दाब एकदम उतरतो. ढिल्या चाकाचं हे कारण फार क्वचित शोधलं जातं. ड्रम मागे दाबून पूर्ण वर्तुळाभोवती हबच्या तोंडाला टेकला आहे का, ते बोटानं चाचपा.

चाक उचलून स्टडवर घ्या, आटे न घासता. जोडचाकांत हवा भरायची भोकं जुळवा आणि दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर, १८० अंशांवर ठेवा. मग आतल्या टायरला हवा भरता येते.

सगळे नट हातानं चढवा, निदान पाच-सहा फेरे. पहिल्याच आट्याला गन लावली तर नट वाकडा घुसला तरी कळत नाही.

## टप्पा ८: आवळणं

गाडी अजून उचललेलीच आहे.

१. पहिला फेरा, सुमारे ७० न्यूटन-मीटर. वरच्या, बाराच्या जागेवरच्या नटापासून सुरुवात. मग समोरासमोरच्या जोड्यांनी. दहा स्टडना वरून घड्याळाच्या दिशेनं १ ते १० क्रमांक दिले तर क्रम असा: १, ६, ३, ८, ५, १०, ७, २, ९, ४. आठ स्टड असतील तर १, ५, ३, ७, २, ६, ४, ८. गोल गोल फिरत आवळलं की चाक एका बाजूनं टेकतं, दुसरी बाजू फटीतच राहते, आणि नंतर कितीही टॉर्क दिला तरी ती चूक भरून निघत नाही.

२. थांबा आणि बघा. डिस्क सर्व बाजूंनी पायलटवर आणि ड्रमच्या तोंडावर टेकली का? चाक हातानं फिरवून लचक दिसते का? दिसत असेल तर नट सोडा आणि पुन्हा पहिल्या फेऱ्यापासून सुरू करा.

३. दुसरा फेरा, अंतिम टॉर्कच्या निम्म्यापर्यंत, त्याच क्रमानं. इथवर गन चालेल, पण टॉर्क मर्यादित करणारी दांडी लावून किंवा सर्वांत कमी सेटिंगवर. एक इंच चौकोनाच्या इम्पॅक्ट गन सहज २,००० न्यूटन-मीटरच्या पुढे जातात. मोकळी सोडलेली गन काही सेकंदांत स्टड संपवते.

४. अंतिम फेरा फक्त टॉर्क रेंचनं. चाक फिरू नये म्हणून गाडी टायर जमिनीला जेमतेम टेकेल इतकी उतरवा. रेंच दांड्याच्या मुठीवरच धरा, सावकाश आणि एकसारखा ओढा. क्लिक झाला की थांबा. खात्रीसाठी दुसरा क्लिक देण्याची सवय मोडा. प्रत्येक जास्तीचा क्लिक नट थोडा पुढे नेतो.

रेंचला पाइप जोडू नका. सरळ एक्स्टेन्शन लावावंच लागलं तर त्याला दुसऱ्या हाताचा किंवा स्टँडचा आधार द्या. टॉर्क मल्टिप्लायर (रेंचचा टॉर्क वाढवून नटाला देणारं साधन) वापरत असाल तर रेंचवर लावायचा आकडा म्हणजे हवा तो टॉर्क भागिले मल्टिप्लायरच्या प्रमाणपत्रातलं गुणोत्तर.

> इशारा: गननं आधीच जास्त आवळलेल्या नटाला रेंच लावला तर तो लगेच क्लिक करतो. त्या क्लिकचा अर्थ ‘किमान इतका आहे’ एवढाच. नट आधी कमी टॉर्कवर असला आणि रेंच ओढताना थोडा फिरून क्लिक झाला, तरच तो क्लिक खरा.

आत-बाहेर दोन नट असलेल्या जोडचाकांत आधी आतले नट पूर्ण टॉर्कला न्या, मग बाहेरचं चाक चढवा.

झालेल्या प्रत्येक नटावर मार्करनं एक रेघ नटावरून डिस्कवर ओढा. ठेवण्याआधी रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

## टप्पा ९: पुन्हा टॉर्क, ८० ते १६० किलोमीटरवर

पृष्ठभाग कितीही साफ केले तरी पहिल्या काही किलोमीटरांत थोडं बसणं होतंच. म्हणून ८० ते १६० किलोमीटर धावल्यावर प्रत्येक नटाला पुन्हा अंतिम टॉर्कचा रेंच लावायचा. चाक आणि ड्रम हाताला थंड लागत असावेत. नट सोडून परत आवळायचे नाहीत. आहेत त्या जागेवरून आवळण्याच्या दिशेनं ओढायचं.

एक-दोन नट किंचित फिरले तर ते अपेक्षितच आहे. सगळे फिरले किंवा एखादा पाव फेऱ्याहून जास्त फिरला, तर चाक खाली उतरवा आणि टप्पा ४ पासून बघा. आत रंग, गंज किंवा न बसलेला ड्रम सापडेल. चाक दुरुस्त केल्यावर हा पुन्हा टॉर्कचा टप्पा परत नव्यानं करायचा.

आत-बाहेर नटांच्या जोडचाकांत आतला नट तपासायचा तर त्यावरचा बाहेरचा नट सोडावा लागतो. एकाआड एक बाहेरचे नट सोडा, त्यांचे आतले नट टॉर्कला आणा, बाहेरचे परत आवळा, मग उरलेले.

नटांवर बसवायचे प्लॅस्टिकचे बाणासारखे दर्शक उपयोगी आहेत, पण ते फक्त नट फिरला का, एवढंच सांगतात. रंगाचा थर दबून दाब गेला आणि नट जागेवरच राहिला, तर बाण सरळच दिसतो. मार्करच्या रेघेचंही तेच. त्यांच्या भरवशावर पुन्हा टॉर्क टाळू नका.

## आट्यांवर आधीच अँटी-सीझ लागलेलं असेल तर

रोजच्या कामात हा प्रश्न नेहमी येतो, कारण गाडी कुणाकुणाच्या हातून आलेली असते. स्टडवर करड्या, तांबूस किंवा चंदेरी पेस्टचे अंश दिसले तर ते चाक आवळलेलं तसंच सोडू नका.

एकेक करून सगळे नट काढा, चाक उतरवा. स्टडवर क्लीनर मारून तारेच्या ब्रशनं आट्यांच्या तळापर्यंत घासा, पुसा, परत मारा. मोलिब्डेनम आणि ग्रॅफाइट आट्यांच्या खोलगट भागात चिवटपणे राहतात. एका धुण्यात ते जात नाहीत. नटांच्या आतले आटे आणि वॉशरचा सांधा साफ होणं त्याहून अवघड, म्हणून नट बदलणं हा माझ्या मते बरा मार्ग. मग टप्पा ५ प्रमाणे प्रत्येक स्टडवर नवा नट हातानं फिरवून बघा. पेस्ट लावून पूर्ण टॉर्क दिलेला स्टड ताणला गेला असण्याची शक्यता खरी आहे, आणि जो नट अडतो त्याखालचा स्टड बदलायचाच.

कामाच्या नोंदीत तारीख, चाकाची जागा, दिलेला टॉर्क, आटे कोणत्या स्थितीत होते आणि पुन्हा टॉर्क किती किलोमीटरवर द्यायचा, हे लिहा. पुढचा पाना लावणाऱ्याला आट्यांची स्थिती कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.